विश्लेषण : दारू न पिणाऱ्यांच्या ‘फॅटी लिव्हर’चे नाव का बदलले? निदान कसे होते?

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ ही ओळ आता नेहमीची झाली आहे. ‘मी तर दारूला हातही लावत नाही’ ही त्यावरची पहिली प्रतिक्रिया. ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ हा इतरांचा दिलासा. या दोन्हींमुळे पुढच्या तपासण्या राहून जातात. २०२३ मध्ये या आजाराचे नाव बदलले, त्याचा या गैरसमजाशी थेट संबंध आहे.

जुन्या नावात काय चुकीचे होते?

दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही मद्यपींसारखेच बदल होतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. युर्गेन लुडविग आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडले. पुढे ‘नॉनअल्कोहोलिक फॅटी लिव्हर डिसीज’, म्हणजेच एनएएफएलडी हे नाव रूढ झाले. आजार कशामुळे झालेला नाही, एवढेच ते सांगत होते. शिवाय ‘फॅटी’ आणि ‘अल्कोहोलिक’ हे शब्द अनेक रुग्णांना अपमानास्पद वाटत.

नवे नाव काय?

‘मेटाबॉलिक डिसफंक्शन-असोसिएटेड स्टिअ‍ॅटोटिक लिव्हर डिसीज’, थोडक्यात एमएएसएलडी. म्हणजे चयापचयातील बिघाडामुळे यकृतात साठलेली चरबी. ५६ देशांतील २३६ सदस्यांच्या मतांतून हे नाव ठरले. भारतात सरकारी कागदपत्रांत आणि रिपोर्टमध्ये जुने नावही आढळते, आजार तोच.

निदान कसे होते?

यकृतात चरबी आणि पुढीलपैकी किमान एक गोष्ट असावी लागते :

• वाढलेले वजन किंवा पोटाचा घेर. आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ किंवा अधिक
• उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, एचबीएवनसी ५.७ किंवा अधिक, अथवा मधुमेह
• रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक
• ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक
• ‘चांगले’ कोलेस्टेरॉल एचडीएल पुरुषांत ४०, स्त्रियांत ५० किंवा कमी

रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तरी ती अट पूर्ण होते. दारूचे प्रमाण अधिक असल्यास निदान वेगळे ठरते.

‘ग्रेड १’ म्हणजे काळजी नाही?

ग्रेड चरबीचे प्रमाण सांगतो. यकृत किती कडक झाले, ते नाही. खरा धोका त्या कडकपणाचा, म्हणजे फायब्रोसिसचा असतो. त्यातूनच पुढे सिरॉसिस होऊ शकतो. एसजीपीटी नॉर्मल असले तरी फायब्रोसिस असू शकतो. म्हणून वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा आकडा काढतात. तो साधारण १.३ पेक्षा कमी असेल तर धोका कमी. जास्त असेल तर फायब्रोस्कॅनसारखी तपासणी सुचवली जाते.

नाव बदलल्याने काय फरक पडतो?

या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नव्हे, तर हृदयविकार आहे. त्यामुळे ‘फॅटी लिव्हर’ दिसल्यावर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासणे गरजेचे ठरते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, तोही याच कारणाने.

दिलासा एवढाच, की वेळेत कळल्यास चरबी उतरते. जास्त वजन असलेल्यांनी ५ टक्के वजन घटवले तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांनी सूजही ओसरू शकते. ८० किलोच्या व्यक्तीसाठी सुरुवात म्हणजे फक्त ४ किलो.