सूर्यास्ताची चढण आणि वाटाड्या

डोंगरमाथ्यावरून सूर्यास्त पाहावा, ही इच्छा ज्याच्या मनांत कधींच आली नाहीं असा विद्यार्थी विरळा. परंतु सूर्यास्त पाहून झाल्यावर घरींहि परत यावयाचें असतें, याचा विचार निघण्यापूर्वीं करणारा विद्यार्थी त्याहूनहि विरळा. सूर्योदयाची चढण आणि सूर्यास्ताची चढण यांत वरवर पाहतां वेळेचाच काय तो भेद दिसतो. पण खरा भेद निराळा आहे. पहाटे निघणारा अंधारांतून उजेडाकडे जातो व दिवसाच्या लख्ख प्रकाशांत उतरतो. सायंकाळीं निघणारा उजेडांत चढतो आणि अंधारांत उतरतो. आणि थकलेले पाय घसरावयाचे ते बहुधा उतरणीवरच. म्हणून आमचें मत असें आहे कीं, मुलांनीं सूर्यास्तासाठीं डोंगरावर अवश्य जावें, पालकांनींहि त्यांस खुशाल पाठवावें. परंतु जाणत्या वाटाड्यावांचून कोणीं जाऊं नये. हें मत भित्रेपणांतून आलेलें नाहीं, हें दाखविण्यासाठीं आपण एका प्रसिद्ध डोंगराचें उदाहरण घेऊं.

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाशीं केप टाऊन शहर वसलें आहे. त्याच्या पाठीशीं टेबल माउंटन हा सपाट माथ्याचा डोंगर उभा असून त्याची उंची सुमारें १,०८५ मीटर आहे. आंतोनियु द साल्दान्या हा पोर्तुगीज कप्तान १५०३ सालीं हिंदुस्थानच्या वाटेवर असतां येथें थांबला व आपण कोठें आलों हें पाहण्यासाठीं डोंगर चढून गेला, अशी नोंद आहे. या डोंगराचा परिसर १९९८ सालीं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००४ सालीं केप प्रदेशाच्या वनस्पतिसृष्टीस युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. याच उद्यानांत ‘लायन्स हेड’, म्हणजे सिंहमस्तक, नांवाचें ६६९ मीटर उंचीचें एक शिखर आहे. सूर्यास्तासाठीं वाटाड्यासह चढावयाची जागा म्हणून त्याची ख्याति मोठी. पौर्णिमेच्या संध्याकाळीं तर तेथें लोकांची रीघ लागते.

या शिखराची वाट डोंगराला वळसा घालीत वर जाते. त्यामुळें चढणाऱ्यास एकाच फेरींत शहर, बंदर, टेबल माउंटनचे उभे कडे आणि पश्चिमेचा अफाट अटलांटिक महासागर असे सारे देखावे आळीपाळीनें दिसतात. उत्तरेस समुद्रांत रॉबेन बेट दिसतें. नेल्सन मंडेला यांनीं आपल्या सत्तावीस वर्षांच्या बंदिवासांतील अठरा वर्षें, १९६४ ते १९८२ पर्यंत, ह्याच बेटावर काढलीं. आरंभीं वाट रुंद व सोपी आहे. पुढें ती अरुंद होते, आणि माथ्याजवळ खडकाला ठोकलेल्या लोखंडी कड्या, साखळ्या व शिड्या यांच्या आधारें जावें लागतें. एके ठिकाणीं वाटेस फांटे फुटतात. साखळ्यांचा मार्ग जवळचा, तर दुसरा थोडा लांबचा पण सौम्य. कोणीं कोणत्या मार्गानें जावें, हें सोबतच्या मुलाचे पाय आणि डोळे पाहून ठरवावें लागतें. तें ठरविणारा माणूस बरोबर असणें, हा वाटाड्याचा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग वेळेचा. केप टाऊन सुमारें ३४ अक्षांश दक्षिणेस आहे. तेथें डिसेंबरांत ऐन उन्हाळा असतो व सूर्य रात्रीं आठच्या सुमारास मावळतो. जूनमध्यें तो पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. सूर्य बुडाल्यावर पाऊल कोठें टाकावें हें दिसण्याइतका संधिप्रकाश अर्धा तास पुरला तर पुरला. आपल्या महाराष्ट्रांत तर तो याहूनहि अल्प असतो, कारण विषुववृत्ताकडे जावें तसा सूर्य अधिक सरळ खालीं उतरतो आणि अंधार लवकर पडतो. पौर्णिमेस पश्चिमेला सूर्य मावळत असतां पूर्वेला चंद्र उगवतो, ही सृष्टीची कृपाच होय. परंतु चंद्राचें चांदणें डोंगराच्या एकाच अंगावर पडतें. दुसरें अंग सावलींत राहतें, आणि वळसा घेणारी वाट त्या सावलींतूनहि जाते. त्यांतच आग्नेयेचा वारा सुटला कीं टेबल माउंटनवर ढगांची चादर पसरते. तिला तेथें ‘टेबलावरील कापड’ असें म्हणतात. हीं सर्व लक्षणें चांगला वाटाड्या निघण्यापूर्वींच वाचतो.

तिसरा उपयोग ज्ञानाचा. वाटाड्या नसेल तर आजूबाजूचीं झुडपें हीं नुसतीं झुडपें राहतात. वाटाड्या सांगतो कीं, ह्या झुडुपी रानास ‘फिनबोस’ म्हणतात. केप प्रदेशांत वनस्पतींच्या सुमारें ९,००० जाती असून त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक जाती जगांत अन्यत्र कोठेंहि आपोआप उगवत नाहींत. पानांवरील रेशमासारख्या लवेमुळें चकाकणारा रुपेरी वृक्ष ह्याच डोंगरांचा रहिवासी आहे. तो आणखीहि सांगतो कीं, फिनबोसच्या पुष्कळ वनस्पतींस पुन्हा रुजण्यासाठीं अधूनमधून वणवा लागतो. पण वणवे वरचेवर लागले तर रोपांस बीं धरण्यास अवधि मिळत नाहीं व तीं नामशेष होतात. १८ एप्रिल २०२१ रोजीं टेबल माउंटनच्या उतारावर पेटलेल्या वणव्यानें केप टाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयाचें जुनें वाचनालय भस्मसात केलें. हें एकदां ऐकलेला मुलगा डोंगरावर काडी ओढणार नाहीं.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणतील, “सिंहमस्तकावर शेंकडों लोक वाटाड्यावांचून जातात, आपण त्यांच्या मागें गेलों म्हणजे झालें.” यावर आमचें उत्तर असें कीं, गर्दी ही वाटाड्या नव्हे. सूर्य बुडतांच ती सारी गर्दी एकदम उठते, एकाच वाटेनें उतरूं लागते आणि साखळ्यांपाशीं तुंबते. ज्यास जी गति साधत नाहीं ती घेण्याचा मोह तेथेंच होतो. दुसरे म्हणतील, “भ्रमणध्वनींत नकाशा आहे, दिवाहि आहे.” नकाशा वाट दाखवितो, पण हा खडक दंवानें निसरडा झाला आहे, हें सांगत नाहीं. शिवाय हातांत भ्रमणध्वनि धरिला म्हणजे साखळी धरावयास एकच हात उरतो. म्हणूनच जाणते लोक कपाळाला बांधावयाचा दिवा नेतात. तिसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. परंतु दहा जणांत वांटला असतां तो फारसा जड जात नाहीं, आणि तो पैसा डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माणसाच्या घरीं गेला तर डोंगर राखण्यांत त्या घरालाहि गोडी वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप निराळाच आहे: वाटाड्या मिळाला म्हणजे मुलें स्वतः विचार करीनाशीं होतात. ही भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. मेंढरांसारखें मागोमाग जाणें म्हणजे डोंगर चढणें नव्हे. परंतु यावरील उपाय वाटाड्या टाळणें हा नसून चांगला वाटाड्या निवडणें हा आहे. दक्षिण आफ्रिकेंत २०१४ च्या पर्यटन कायद्यान्वयें नोंदणी केल्यावांचून कोणासहि मोबदला घेऊन वाटाड्याचें काम करतां येत नाहीं. आपण मात्र कागदावर थांबूं नये, एक प्रश्न विचारावा: “आपण मागें केव्हां फिरणार?” जो निघण्यापूर्वींच वेळ सांगतो, आणि ती वेळ झाली कीं शिखर हाताशीं असलें तरी मुलांची नाराजी पत्करून मागें फिरतो, तोच खरा वाटाड्या. मुलांना खूष ठेवण्यासाठीं जो वेळ पुढें ढकलतो, तो केवळ सोबती. एखाद्या दिवशीं सूर्यास्त हुकला तर उद्यां पुन्हा होईल. पण अंधारांत अडकलेल्यांस उतरवून आणण्यासाठीं केप टाऊनमध्यें स्वयंसेवकांचीं पथकें रात्रीबेरात्रीं निघतात व आपले प्राण धोक्यांत घालतात. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्यानें मोजावी, हें कोणत्याहि शाळेनें शिकवूं नये.

हें सारें दूरदेशींचें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर; सिंहमस्तकाच्या अडीचपटींजवळ. तेथेंहि लोखंडी शिड्या आहेत, साखळ्या आहेत आणि सूर्यास्ताचें वेड लागलेलीं तरुण मुलेंहि आहेत. पायथ्याच्या बारी गांवांतील जो माणूस लहानपणापासून ती वाट तुडवितो, त्याच्या अनुभवापुढें आपलें पुस्तकी धैर्य थिटें आहे. त्याला ‘अरे-तुरे’ न करितां ‘दादा’ म्हणावें, त्यानें थांब म्हटलें कीं थांबावें आणि ठरलेला मोबदला घासाघीस न करितां द्यावा. तसेंच, जेथें नियमच संध्याकाळीं जाऊं देत नाहीं, तेथें कोणाहि वाटाड्याचा शब्द परवानगी समजूं नये. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत बिबटे वावरतात आणि सायंकाळीं दरवाजे बंद होतात. दिवस कलल्यावर तें रान त्यांचें, आपलें नव्हे.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, ‘डोंगर धोक्याचा’ म्हणून मुलांस घरीं कोंडूं नये. ज्या मुलानें क्षितिजावर समुद्रांत विरघळणारा सूर्य कधीं पाहिला नाहीं, त्याचें शिक्षण कांहीं अंशीं अपुरें राहिलें. नाहीं म्हणण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: वाटाड्या कोण, मागें फिरण्याची वेळ कोणती, आणि प्रत्येकाजवळ दिवा व पाणी आहे कीं नाहीं. तिन्हींचीं उत्तरें मिळालीं तर हंसतमुखानें निरोप द्यावा. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एकच सांगणें. जाणत्याच्या मागून चालण्यांत कमीपणा नाहीं. आज डोळे उघडे ठेवून मागून चाललांत, प्रत्येक वळण, प्रत्येक झाड व प्रत्येक खूण ध्यानांत घेतलींत, तर उद्यां तुमच्याहून लहान मुलांस सांजवेळीं सुखरूप खालीं आणण्याचा अधिकार तुम्हांसहि प्राप्त होईल.