चार शब्द, दोन गुण

दहावीच्या इंग्रजी तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेत पहिल्याच प्रश्नात एक कृती असते. एक लांबलचक शब्द दिलेला असतो. त्यातली अक्षरे वापरून चार शब्द तयार करायचे. प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. गुण दोन, म्हणजे शब्दामागे अर्धा. अट एवढीच. त्या चार शब्दांचे अर्थ लिहायचे नसतात. त्यांतला एकही वाक्यात वापरून दाखवायचा नसतो.

पनवेलच्या एखाद्या मराठी शाळेतल्या मुलासमोर समजा ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द आला. शब्द त्याच्या ओळखीचा आहे. सिडकोच्या लांबलचक इंग्रजी नावात तो आहे, बिल्डरांच्या फलकांवर आहे, जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून घरात वाद होतात त्यांतही आहे. मुलगा पेन, टेन, मेन, नेट असे चार शब्द लिहितो आणि पुढे जातो. दोन गुण वसूल.

त्याच अक्षरांत लेमन आहे. मॉडेल आहे. आणि डेपोही आहे. एसटीने शाळेला येणारा मुलगा हा शब्द रोज बोलतो, पण कागदावर तो त्याला सापडत नाही. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी एक न उच्चारला जाणारा ‘टी’ बसला आहे, हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते. तोंडातला शब्द आणि कागदावरची अक्षरे यांची गाठ घालून देणे हेच तर इंग्रजीच्या तासाचे काम. पण पेनला अर्धा गुण आणि डेपोलाही अर्धाच. मग त्या वाटेला जायचे कुणी आणि कशासाठी?

क्लासमधला सल्ला ठरलेला असतो. तीन अक्षरीच लिहा, मोठ्या शब्दाच्या नादी लागू नका, स्पेलिंग चुकले की अर्धा गुण गेला. सल्ल्यात खोट काढता येत नाही. प्रश्नच तसा बेतलेला आहे. जिथे धाडसाला मोल नाही आणि चुकीला शिक्षा आहे, तिथे मुले शहाण्यासारखी वागतात. वर्षभर तीन अक्षरी शब्दांच्या याद्या घोटल्या जातात आणि त्याला इंग्रजीची तयारी म्हणतात.

ही तयारी इंग्रजीची नव्हे, हे न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी जगाला दाखवून दिले आहे. हे गृहस्थ स्क्रॅबलचे विश्वविजेते. 2015 मध्ये बेल्जियममध्ये झालेली फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती, बस. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केले. अक्षरे जुळवण्यात जगात पहिला आलेला माणूस त्या भाषेत साधे संभाषण करू शकत नाही. त्यात त्यांचा कमीपणा नाही. तो खेळ आहे आणि ते तो खेळ म्हणून खेळतात. त्याच कसबाचा कणभर अंश आपण मात्र मुलाच्या गुणपत्रिकेत ‘इंग्रजी’ या रकान्यात जमा करतो.

मराठीतही अक्षरांपासून शब्द करायला सांगतात, मग इंग्रजीतच काय बिघडले, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे. ‘कारखानदार’मधून ‘दार’ आणि ‘खार’ काढणाऱ्या मुलाने दार शेकडो वेळा उघडलेले असते आणि खार झाडावर पळताना पाहिलेली असते. शब्द त्याच्या घरचे असतात, फक्त नजरेने शोधायचे असतात. इंग्रजीत त्याचे घरचे असे शब्द फारसे नसतात. म्हणून तो अक्षरांची जोडणी पाठ करतो. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला ही कृती म्हणजे करमणूक. ज्याच्या घरी बोलले जात नाही त्याला ती पाठांतर. गुण दोघांना सारखे, आणि त्या सारखेपणाखाली नेमका फरक झाकला जातो.

एक बचाव हमखास पुढे येईल. इंग्रजीत मुले उडतात, त्यांना दोन हक्काचे गुण मिळाले तर बिघडले कुठे? मिळावेत. कुणाचे दोन गुण काढून घ्या, असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या मुलाची काळजी म्हणून हे गुण दिले जातात, त्याला त्यातून हाती काय लागते, हे पाहायला हवे. मराठी शाळांत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. दहा वर्षे एक भाषा शिकलेल्या मुलाकडून ‘पेन’ हा शब्द अक्षरे पुढ्यात ठेवून मागायचा आणि त्याचे वाक्यही विचारायचे नाही, ही दया नव्हे. त्याच्याकडून आपण काहीच अपेक्षा ठेवलेली नाही, याची ती लेखी कबुली आहे.

पनवेलकरांनी हे मनावर घ्यायला एक कारण आहे. तालुक्यातला विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या मुलांना तिथे नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत, ही मागणी रास्त आहे. मुलाखतीत मात्र कुणी अक्षरे पुढे टाकून चार शब्द काढ म्हणणार नाही. प्रवाशाची बॅग आलेली नाही, तो इंग्रजीत तावातावाने बोलतो आहे, त्याला काय सांगशील, असे विचारतील. तिथे तीन शब्दांचे का होईना, वाक्य लागते. दहावीला इंग्रजीत पास झालेला मुलगा तिथे गप्प उभा राहिला, तर दोष त्याच्या गावाला, जातीला, मराठी माध्यमाला दिला जाईल. प्रश्न काढणाऱ्याला कुणी दोष देणार नाही.

परीक्षा मंडळाला शब्द आणि भाषा यांतला फरक कळत नाही, असे नाही. याच पहिल्या प्रश्नात पुढे वाक्य तयार करण्याची कृतीही येते. म्हणजे जागा आहे, रीतही आहे. फक्त दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. त्या एकत्र आणायला समिती नको, नवे पाठ्यपुस्तक नको. चाराऐवजी दोन शब्द मागा आणि त्यांतला एक वाक्यात वापरायला सांगा. गुण तेच दोन. वाक्यात व्याकरण थोडे घसरले तरी अर्थ कळला तर गुण द्या. पास होणाऱ्यांचा आकडा त्याने कोसळणार नाही. वर्गात मात्र शिक्षकाला ‘नेट’ म्हणजे मासेमारीचे जाळे की मोबाइलचे, हे एकदा तरी बोलावे लागेल.

अडचण एकच आहे. पेपर तपासणाऱ्याचे काम वाढेल. आज त्याला अक्षरे ताडून पाहिली की भागते, उद्या मुलाने लिहिलेले वाक्य वाचावे लागेल. भाषेच्या परीक्षकाकडून एवढी अपेक्षा जास्त नसावी.