रस्ता आपला, पार्किंग त्यांचं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या पायाखालचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

गेल्या आठवड्यात पालिकेच्या सर्वसाधारण सभेत अगदी शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना, एक विषय आला. विद्यापीठाच्या मुख्य गेटशेजारून मागच्या वस्तीकडे जाणारा रस्ता वाहतुकीला बंद करायचा आणि ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने विद्यापीठाला पार्किंगसाठी द्यायचा. भाडं नाममात्र. विषय अजेंड्यावर नव्हता, ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून घेतला. एका नगरसेविकेने नकाशा मागितला, तर नकाशाच आणलेला नव्हता. माझा चहा संपायच्या आत ‘तत्त्वतः मंजूर’ झालंसुद्धा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईल आणि मग सगळे म्हणतील, आता काय, ठराव झालाय.

ऐनवेळचा विषय ही सोय खरं तर तातडीच्या कामासाठी असते. पाइपलाइन फुटली, साथ आली, तर सात दिवसांची नोटीस काढत बसता येत नाही. पार्किंगची साथ कुठे आली होती?

हा रस्ता कोण वापरतं ते नगरपालिकेत बसून कळणार नाही. सकाळी सहाला तिथून भाजीवाल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन मंडईला जातात. साडेदहाला जिल्हा परिषदेच्या शाळेची पोरं. संध्याकाळी एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की सायकली. आणि वस्तीतलं कोणी गेलं, तर खांदा देऊन स्मशानभूमीकडे न्यायची वाट हीच. रस्ता बंद झाला तर या सगळ्यांना हायवेवरून वळसा. त्या वळणावर ना सिग्नल, ना फूटपाथ, आणि उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून येतात. दुसरीतल्या पोराला तिथून शाळेत पाठवणार का तुम्ही? रस्ता अजून दिलेला नाही, तरी गेटवरचा वॉचमन आत्ताच येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, कुठं निघालास. एक बॅरिकेडही येऊन उभं आहे. कोणाच्या परवानगीने, ते पालिकेत कोणी सांगत नाही.

विद्यापीठामुळे गावाला चार पैसे मिळाले, हे मी नाकारत नाही. मेस चालतात, खोल्या भाड्याने जातात, झेरॉक्सवाल्यांची घरं उभी राहिली. माझ्या गल्लीत तीन घरांची चूल विद्यार्थ्यांच्या डब्यांवर पेटते. परीक्षेच्या दिवशी गेटसमोर गाड्यांची कशी कोंडी होते तेही रोज बघतो. अडचण खरी आहे. पण अडचण त्यांच्या गाड्यांची आहे, आणि जागा मात्र आपली मागताहेत.

जरा हिशेब करू. एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटर जागा धरतात. हा रस्ता १२ मीटर रुंद, साधारण ३०० मीटर लांब. गाड्या आडव्या लावल्या की आत-बाहेर करायला सहा मीटरची वाट सोडावी लागते, म्हणजे एकच रांग बसते. ३०० भागिले अडीच: १२० गाड्या. एवढ्यासाठी आख्खा रस्ता! त्यांच्या आवारात मोकळी जागा किती आहे ते तुम्ही लग्नाच्या हंगामात लॉन भाड्याने घेताना पाहिलंच असेल. तिथे तीन मजली वाहनतळ उभा केला तर हा प्रश्न उरणार नाही. त्याला पैसे लागतात, रस्त्याला लागत नाहीत. एवढाच फरक आहे.

शिवाय इमारत बांधताना पार्किंग स्वतःच्या भूखंडावर दाखवावं लागतं. २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली आहे, त्यात शैक्षणिक इमारतींना किती गाड्यांची सोय हवी याचं कोष्टकच दिलंय. त्याआधीही नियम होतेच. मग मंजूर नकाशात पार्किंग कुठे दाखवलं होतं, आणि आज तिथे काय आहे? मी माहिती अधिकारात नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही मागितलंय. मिळालं की इथेच टाकतो.

आता कायद्याचं. हा रस्ता आपल्या विकास आराखड्यात आहे. आराखड्यातला रस्ता नुसत्या ठरावाने पुसता येत नाही. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची नोटीस काढावी लागते, लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्या लागतात आणि शेवटी मंजुरी राज्य सरकारची लागते. यातलं काहीच झालेलं नाही.

आणि पालिका रस्त्याची मालकीण नाही, सांभाळणारी आहे. लखनौच्या अमीनाबादमध्ये झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग होती. तिथल्या महापालिकेने ती एका बिल्डरला जमिनीखाली बाजार बांधायला दिली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९९ साली कोर्टाने महापालिका ही लोकांच्या मालमत्तेची विश्वस्त आहे असं सांगून बांधलेला बाजार पाडायला आणि बाग पूर्ववत करायला लावली. आपल्या नगरसेवकांनी तो निकाल एकदा वाचावा. मराठीत समजावून सांगायला मी येतो, मानधन नको.

प्रशासक होता तेव्हा आपण म्हणायचो, ऐकून घ्यायला कोणी निवडून आलेलंच नाही. आता आलेत. दारोदार हात जोडत आले होते. आपापल्या प्रभागाच्या माणसाला फोन करून एवढंच विचारा, त्या दिवशी तुम्ही हात वर केला का?

हरकतीचा अर्ज साधा असतो. मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, रस्त्याचं वर्णन, तुम्ही तो कशासाठी वापरता आणि बंद झाल्यास काय त्रास होईल एवढं लिहायचं. वकील लागत नाही. वस्तीतल्या बायकांनी काल रात्री मारुतीच्या देवळात बसून ४० अर्ज लिहिलेत, त्यातले काही अंगठ्याचे आहेत. उद्या अकरा वाजता आम्ही ते आवक-जावक खिडकीवर देणार आहोत. तुम्हीही या. दोन प्रती आणा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. खिडकीवरचा माणूस जेवायला गेलाय म्हणाले, तर तिथेच बसून राहा.