पाऊच कोण भरतंय?

ट्रिप ठरली की पहिल्यांदा काय होतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो. मग ग्रुपचं नाव, डीपी, रूमचे फोटो आणि मासे कुठे भारी मिळतात यावर शंभरेक मेसेज. घरच्यांसोबतची ट्रिप असेल तर हे सगळं आपल्याकडेच येतं. कारण मॅप आपल्याला कळतो, बुकिंग आपण करतो, प्लेलिस्टही आपलीच. पण त्याच गाडीत मागच्या सीटवर तीन वर्षांची भाची किंवा दीड वर्षाचा पुतण्या असतो. त्याची औषधांची पिशवी कोण भरतं? ताई. नाहीतर वहिनी. नाहीतर आई. आपण कधी विचारतसुद्धा नाही.

मीही विचारलं नव्हतं. मे महिन्यात आम्ही गुहागरला गेलो होतो. आई-बाबा, ताई, भावजी, मी आणि ताईची चिऊ. माझ्या सॅकमध्ये दोन पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर आणि मोबाइलसाठी वॉटरप्रूफ कव्हर होतं. दुसऱ्या रात्री चिऊला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. ताई म्हणाली, "अरे, पळ, ओआरएस घेऊन ये." दुकान बंद होता होता मी पोचलो आणि समोर दिसला तो संत्र्याच्या चवीचा टेट्रा पॅक उचलला. नाव ओआरएससारखंच होतं. चिऊनं तो आवडीनं प्यायला. पहाटेपर्यंत जुलाब वाढले होते.

सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रिकामा पॅक हातात घेऊन पाहिला. "मामा ना तुम्ही? हे सरबत आहे हो. साखर किती आहे बघा. जास्त साखरेनं जुलाब वाढतात." मग त्यांनी साधं पाकीट दिलं, चमच्याचमच्यानं पाजायला सांगितलं. संध्याकाळी चिऊ वाळूत खेळत होती. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा एका पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसलो होतो.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. जो ट्रिप प्लॅन करतो, त्यानंच औषधांचा पाऊच भरायला हवा. निदान भरताना शेजारी बसून त्यात काय आहे आणि कशासाठी आहे, हे तरी समजून घ्यायला हवं. आईपण ताईचं असलं तरी रात्री साडेनऊला दुकानात पळणारा मामाच असतो. त्याला काहीच माहीत नसेल तर त्याच्या पळण्याचा उपयोग काय?

आता ओआरएसचंच बघा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन अपुरं पडायला लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या पाण्याची जादू प्रमाणात आहे. ठरावीक ग्लुकोज आणि ठरावीक मीठ सोबत असलं की आतडं पाणी शोषून घेतं. प्रमाण बिघडलं की जादू संपली. म्हणूनच गोड पेयांवर 'ओआरएस' लिहिण्याविरुद्ध हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं लढल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं तसं लिहायला मनाई केली. तरी पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या फॉर्म्युल्याचा उल्लेख आहे का, हे बघायचंच.

वापरताना तीन गोष्टी. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकायचं नाही. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्यायचं. आणि मुलानं उलटी केली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं, हळूहळू द्यायचं. पाकीट नसेलच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ.

दुसरी गोष्ट तापाच्या औषधाची. 'पॅरासिटामॉल घेतलंय' एवढं पुरत नाही. लहान मुलांचे ड्रॉप्स असतात, त्यात १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. एक सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं असतं, दुसरं ५ मिलीत २५० चं. नाव एकच, खोकी जवळपास सारखीच. मुलाला डोस लागतो वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १२० ते १८०. आता सिरप समजून कुणी ड्रॉप्स ५ मिली पाजले, तर पोटात गेले ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. त्यामुळे निघण्याआधी मुलाच्या डॉक्टरांना विचारून बाटलीवरच चिकटपट्टी लावा. मुलाचं वजन, किती मिली आणि किती तासांनी, हे पेननं लिहा. रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसालाही ते वाचता आलं पाहिजे. सोबत डिजिटल थर्मामीटर आणि बाटलीचं मापाचं झाकण. घरातला चमचा हे माप नव्हे.

बाकी पाऊच छोटाच असतो. जखमेच्या पट्ट्या, निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, छोटी कात्री, चिमटा, साबणाची वडी, मुलांना चालणारं डास पळवणारं क्रीम आणि मुलाची रोजची औषधं असतील तर ती. एवढंच. पाऊच मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा, पण डिकीत सगळ्या बॅगांच्या खाली नाही. आणि उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही.

माझ्या मते पाऊचमधून काय काढायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक काढा. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना द्यायचं नसतं. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे, तरी मोठ्यांच्या पाकिटात ती गोळी सापडतेच. आणि खोकल्याचं सिरप. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपमुळे लहान मुलांचे जीव गेले. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं द्यायची नाहीत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळायची. 'असू दे एक बाटली' हा विचार इथे चालत नाही.

मित्रांना हे सांगितलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "एवढं काय घाबरायचं? मेडिकल सगळीकडे असतात." असतात ना. पण कोकणातल्या छोट्या गावात रात्री नऊनंतर शटर खाली असतं आणि घाटात तर शटरही नसतं. दुसरं उत्तर, "गूगल आहे की." रेंज असेल तर आहे. पण मूल रडत असताना, ताई ओरडत असताना, दहा लिंकमधली कुठली खरी हे ठरवणं आपल्याला जमतं का? मला तरी जमलं नाही. मी समोर दिसलेला टेट्रा पॅक उचलला.

शिवाय काही गोष्टींवर पाऊचमध्ये उत्तरच नसतं. कोकणातला लाल विंचू लहान मुलाला चावला तर जिवावर बेतू शकतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा रुग्णांचे प्राण वाचवता येतात हे दाखवलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यासाठी मूल वेळेत दवाखान्यात पोचायला हवं. तिथे दोरी बांधणं, चिरा देणं, मंत्र टाकणं यात वेळ घालवायचा नाही. कुत्रा चावला तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी जायचं. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नाही. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेलं किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर घरचे प्रयोग बंद, थेट डॉक्टर.

म्हणून माझ्या मते पाऊचमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एक कागद. त्यावर १०८ आणि ११२, मुलाच्या डॉक्टरांचा नंबर, मुलाचं वजन, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते आणि जिथे राहणार तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव. बीचपासून रूम किती लांब आहे हे आपण शोधतोच, दवाखाना किती लांब आहे हे शोधायला आणखी दोन मिनिटं लागतात. आणि हे काम ताईपेक्षा आपल्याला चांगलं जमतं, हे मान्य करा.

येत्या गणपतीला आम्ही पुन्हा कोकणात चाललोय. ग्रुपवर मी पहिला मेसेज टाकला, "पाऊच मी भरतोय. ताई, चिऊचं आत्ताचं वजन सांग." ताईनं आधी हसण्याची इमोजी पाठवली. मग दहा मिनिटांनी लिहिलं, "१३ किलो. आणि थँक्यू रे."

स्पीकर या वेळी भावजी आणतायत.