तीन दिवस आणि अठरा महिने

घर फोडले गेलेल्या माणसाला 'घर तुमचेच कशावरून?' असे कोणी विचारीत नाही. ज्याचे नावच चोरीस गेले, त्याला मात्र आपण आपणच आहोत हे प्रथम सिद्ध करावे लागते! इंदापूर तालुक्यातील बावड्याचा एखादा शेतकरी घ्या. पीककर्जासाठी, सिमकार्डासाठी, अनुदानासाठी तो आधारची झेरॉक्स देत फिरतो. तिचे पुढे काय होते, हे विचारण्याची त्याची प्राज्ञा नसते. त्याच कागदावर परमुलखात कोणी कर्ज उचलले, तर वसुलीची नोटीस मात्र बावड्यास यावयाची.

हे अडाणीपणाचे फळ, असे समजून शहरातल्या सुशिक्षितांनी स्वस्थ बसू नये. 2005 साली पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी नोकरांनी अमेरिकन खातेदारांचे गुप्त क्रमांक मिळवून त्यांचा पैसा पुण्यातील खात्यांत वळविला होता. ते खातेदार काही अंगठाबहाद्दर नव्हते!

उपाय नाहीत असे नाही. पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेस लेखी कळवावे. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याचाच असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळविणाऱ्यास तोशीस लागू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने 2017 साली घातला. नावावर खोटे कर्ज दिसल्यास पतमाहिती कंपनीकडे तक्रार करावी. तिचा निकाल तीस दिवसांत न लागल्यास दररोज 100 रुपये भरपाईचा आदेश 2023 चा आहे. शंभर रुपयांत बावड्याहून पुण्याची एस.टी.ची एक खेपही होत नाही, हा भाग निराळा.

सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. माहिती-संरक्षणाचा कायदा झाला 2023 साली, त्याचे नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये. आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधनांना तेथून पुढे अठरा महिन्यांची सवलत! लुबाडलेल्यास तीन दिवस आणि माहिती सांभाळणाऱ्यास अठरा महिने, हा कोठला न्याय?

क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दाखविणारी आधारची प्रत मिळते. बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याचीही सोय आहे. नागरिकांनी तिचा लाभ घ्यावाच. पण जेथे चार आकड्यांनी भागते तेथे पूर्ण क्रमांक न मागणे, घेतलेल्या प्रती कुलपात ठेवणे व मुदत संपताच त्या नष्ट करणे, एवढे तरी जिल्ह्यातील बँका, सोसायट्या आणि कचेऱ्या उद्यापासून करू शकतात. त्यासाठी कोणत्याही राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.