पगार मालकाचा, निदान कुणाचे?

जर्मनीतून १९२३ साली अमेरिकेत गेलेले डॉ. विल्हेल्म ह्यूपर ड्यूपाँट या रसायन कंपनीत संशोधक होते. रंगनिर्मितीतील बीटा-नॅफ्थिलअमाइन या द्रव्याने मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच, १९३७ मध्ये, कंपनीने त्यांना काढून टाकले होते! मालकाच्या तिजोरीवर पोसलेले विज्ञान अप्रिय सत्य बोलू लागताच बेकार होते, ते असे.

भोपाळच्या संहारानंतर १९८७ साली आपल्या कारखाना कायद्याने घातक द्रव्यांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक केले. परंतु कामगाराची प्रकृती तपासणारा वैद्यच मालकाचा नोकर असेल, तर नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कामगाराने विश्वास कोणावर ठेवावा? ही तपासणी मालकाच्या वेतनातून मुक्त झालीच पाहिजे आणि तिचा अहवाल कामगाराच्या हाती पडलाच पाहिजे.