झुमका दिसतो, पोर कुठे?

यंदा लग्नसराईत शहाद्याकडे एका हळदीला गेले होते. ओट्यावर म्हाताऱ्या बाया अहिराणी गाणी म्हणायला बसल्या, तेवढ्यात डीजे सुरू झाला. बाया गप्प झाल्या, उठून घरी गेल्या.

‘हाई झुमकावाली पोर’ यूट्यूबवर गाजलं, तेव्हा आपली बोली महाराष्ट्रभर पोचली म्हणून मलाही आनंद झाला. पण त्यामागून येणारी नवी गाणी ऐका. पोर म्हणजे झुमका, केस, चाल. तिला काम नाही, मत नाही, नकार तर नाहीच.

संस्कृतिरक्षक म्हणतील, बंदी घाला. ती मागणी आपली नव्हे. त्यांना पोरींचं नाचणंच खुपतं. पोरींनी खुशाल नाचावं. आपला आक्षेप वेगळा आहे: बहिणाबाईंच्या खानदेशात स्वतःचं सुखदुःख रचून गाणारी बाई आता नुसता गाण्याचा विषय झाली.

याच शहाद्यात १९७२-७३ साली आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली, ती कुणाला विचारून नव्हे. आज गटागटात मोबाइल आहे. मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हिशोबाआधी एक गाणं रचा, रेकॉर्ड करा. आणि पुढच्या हळदीत डीजेवाल्याला बजावा: आधी आमचं लाव!